शेजारणीच्या क्रेटमधला हात

सकाळी नऊपासून दर्शना हात मोजत होती.

शेडमध्ये लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना सोळा बायका बसल्या होत्या. डोक्याला जाळीची टोपी, हातात पातळ रबरी मोजे. प्रत्येकीपुढे एक निळा क्रेट, आणि क्रेटमध्ये पहाटे तोडलेली भेंडी. वाकडी, जून, मोडक्या टोकाची भेंडी बाजूला काढायची आणि सरळ, कोवळी, बोटभर लांबीची तेवढी खोक्यात ओळीने मांडायची. चार वाजता गाडी यायची आणि ही खोकी विमानाने परदेशी जायची. हे काम रोजचंच होतं. दर्शना मोजत होती ती गोष्ट वेगळी होती. एखादीचा हात आपला क्रेट सोडून शेजारणीच्या क्रेटमध्ये किती वेळा जातो, हे तिला पाहायचं होतं.

जेवणाची सुट्टी झाली तेव्हा तिच्या कागदावर एकही रेघ पडलेली नव्हती.

"मॅडम, काय लिवताय सकाळपासून?" लहानीने विचारलं. नाव लहानी असलं तरी शेडमध्ये वयाने सर्वांत मोठी तीच.

"काही नाही, असंच."

"असंच म्हणून तीन तास कोण उभं राहतं?" असं म्हणत लहानी डबा घेऊन बाहेर आंब्याखाली गेली.

दर्शना मोजत होती त्याला कारण होतं. आदल्याच दिवशी मालकांचा फोन आला होता. मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्यालगतची ही शेड नरेंद्र सरांची. ते फोनवर कधी आवाज चढवत नसत, आणि त्या दिवशीही त्यांनी चढवला नाही, म्हणूनच दर्शनाला जास्त धास्ती वाटली.

"पहिल्यांदा आपल्या खोक्यात अळी सापडली तेव्हा मी काही बोललो नाही," ते म्हणाले. "दहा दिवसांत आता दुसऱ्यांदा सापडली. माल घेणाऱ्या कंपनीचा माणूस पुढच्या शनिवारी शेडवरच येतोय. आपण भरलेली दहा खोकी उघडून बघणार. एक जरी अळी निघाली, तर भरणीचं काम त्यांच्या वाशीच्या शेडला हलवायचं म्हणतात. मग आपल्याकडे नुसते क्रेट गोळा करायचे आणि गाडीत चढवायचे. त्याला दोन माणसं पुरतात."

म्हणजे सोळा बायका घरी. हौसा आणि हिरी या दोघी डोळखांबकडच्या पाड्यावरच्या. शेड सुरू होण्याआधी दर वर्षी भात झोडून झालं की घर बंद करून त्या वीटभट्टीवर जायच्या, त्या पावसाच्या तोंडाशी परत यायच्या. गेली दोन वर्षं त्या रोज संध्याकाळी आपल्याच घरी जात होत्या. भरणी हलली, तर पुढच्या हंगामाला पुन्हा भट्टी.

जयरामकाका इनचार्ज होते त्या दोन वर्षांत एकही अळी शेडबाहेर गेली नव्हती. जानेवारीत गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्यांनी काम सोडलं आणि त्यांच्या हाताखाली महिनाभर काम शिकलेल्या दर्शनाला नरेंद्र सरांनी त्यांची जागा दिली. ती शहापूरची, शेतकी पदविका झालेली, वय अठ्ठावीस. बायका त्याच होत्या, भेंडी त्याच गावांतून येत होती, टेबलसुद्धा तेच होतं. बदललं होतं एकच, आणि ते तिला रोज आरशात दिसत होतं.

पण नक्की काय बदललं? दर्शनाचा स्वभाव असा, की एखादी गोष्ट का होते हे कळलं नाही, तर तिला जेवण गोड लागत नसे. ती आठवू लागली. डिसेंबरात ती नवी होती तेव्हा बायकांचे हात सारखे इकडेतिकडे फिरत. आपलं खोकं भरून झालं की सहज शेजारणीच्या क्रेटमध्ये हात घालायचा, चाचपायचं, एखादी भेंडी उचलून तिच्यापुढे ठेवायची आणि म्हणायचं, "ही बघ गो." तेव्हा दर्शनाला तो चाळा वाटला होता. तो कुणाच्या कामाचा भाग नव्हता, कुणी सांगितलेला नव्हता. आता तो दिसेनासा झाला होता, आणि अळ्या मात्र दिसू लागल्या होत्या.

ती स्वतः काही कमी कष्ट करत नव्हती, बरं का. भरलेल्या खोक्यांपैकी शंका येईल ती ती बाजूला काढायची आणि गाडी येईपर्यंत भिंग आणि बॅटरी घेऊन एकटी तपासत बसायची. लहानीने दोनतीनदा विचारलंही होतं, "मी लागू का हाताला?" दर्शना म्हणायची, "राहू द्या, तुम्ही दमला असाल. मी बघते." कुणी क्रेट उचलायला पुढे झालं तरी तेच, "राहू द्या, मी बघते." आपल्यामुळे बायकांना जास्तीचं काम पडू नये, याची तिला फार काळजी होती.

हात मोजून शून्य आलं तेव्हा तिने सरळ विचार केला. जी गोष्ट आपोआप होत होती ती आता होत नाही, तर ती करायला लावू. दुसऱ्या दिवशी भिंतीवर नियम लागला. प्रत्येकीने उजवीकडच्या शेजारणीचं खोकं तपासायचं आणि चिठ्ठीवर सही करायची. अळी सुटली तर भरणारी आणि तपासणारी दोघी जबाबदार.

संध्याकाळी सगळ्या चिठ्ठ्या सह्यांनी भरलेल्या होत्या. दर्शनाला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, तिने स्वतः भिंगाखाली धरलेल्या खोक्यात अळी निघाली. भरणारी हौसा, सही मनस्वीची. मनस्वी शेडमधली सगळ्यांत तरुण, बारावी झालेली.

"तू सही केलीस ना? मग बघितलंस काय, माझं तोंड?" हौसा म्हणाली.

"आधी तुझ्याच हातातून सुटली ना, मावशे?"

"माझ्या हातातून सुटली तर धरायला तुला ठेवलीय ना मागं! मोठी मुकादमीण झालीय."

"मी काय हौसेनं झाले? मॅडमनी सांगितलं म्हणून झाले."

दोघींनी तोंडं फिरवली. त्यानंतर दुपारभर एक गोष्ट घडत राहिली, आणि ती बघून दर्शनाला भांडणापेक्षाही जास्त वाईट वाटलं. हौसाच्या खोक्यात मनस्वीला एखादी किडकी भेंडी सापडली, की ती हौसाला काही न बोलता उठायची, आणि भेंडी आणून दर्शनाच्या टेबलावर ठेवायची. मग हौसाही उठायची आणि मनस्वीच्या खोक्यातली एक आणून ठेवायची. पूर्वी शेजारणीपुढे जाणारी भेंडी आता मॅडमपुढे येत होती.

रविवारी दर्शनाने स्कूटर काढली आणि ती सिद्धगडाच्या पायथ्याशी जयरामकाकांच्या वाडीत गेली.

काका शेतात होते. भाताची रोपं वाढवायची तेवढ्या तुकड्यावर शेण पसरून, वर डहाळ्या, पाला, गवत आणि माती टाकून ते जाळायचं, याला तिकडे राब भाजणं म्हणतात. भाजलेल्या जमिनीत तण कमी येतं. काका काठी टेकत उभे होते.

"आलीस? बरं झालं. ती मोळी धर तेवढी, सुटायला लागलीय."

दर्शनाने अजून हेल्मेटही काढलेलं नव्हतं. तिने मोळी धरली.

"पोरीला पाणी तरी पिऊ द्या!" काकांची बायको, भीमाबाई, बांधावरून ओरडली.

"पाणी कुठं पळतंय? वारा उठला तर राब राहील. दर्शना, इकडून पसर. पातळ नको, जरा जाड. हां, अशी."

अर्धा तास ती डहाळ्या पसरत राहिली. मग संधी साधून तिने विचारलं, "काका, शेडमध्ये बायका एकमेकींचे क्रेट बघायच्या. तुम्ही सांगितलं होतं का?"

"नाय बा."

"मग त्या का बघायच्या?"

"मला काय ठाऊक?" काकांनी खरोखरच विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या, काठीने माती उकरली. "मी काय करायचो तिथं? कायच नाय. नरेंद्रपण विचारायचा, जयराम, तू दिवसभर करतोस काय? ते फावडं दे जरा."

दर्शनाने फावडं दिलं. "पण अळी तर तुमच्या हातून कधी सुटली नाही. तुम्ही ओळखायचात कशी?"

"मी?" काका हसायला लागले, ते हसता हसता खोकायलाच लागले. "अगो, मला कुठं ओळखता येते? ही बोटं बघ. जन्मभर कुऱ्हाड नि फावडं. आज काटा रुतला तर उद्या कळतो. नि डोळ्यात मोतीबिंदू. शंका आली की मी भेंडी उचलायचो नि जिचा हात मोकळा दिसेल तिच्याकडं जायचो. बघ गो, हाय का हिच्यात? ती सांगायची, हाय. मग दुसरीला विचारायचो, ही हाय म्हणते, तू काय म्हणतेस? ती म्हणायची, नाय. मग दोघी हुज्जत घालायच्या, नि मोडून बघायच्या."

"आंधळा इनचार्ज म्हणायच्या ह्यांना," भीमाबाई म्हणाली. "तोंडावर! नि हे खुळ्यासारखे हसायचे."

"मग? खोटं होतं काय?"

एवढ्यात पलीकडच्या शेतातून नामा आणि त्याची बायको आली. काही न विचारता दोघं राबाच्या दोन कोपऱ्यांना ओल्या डहाळ्या घेऊन उभी राहिली. काकांनी काडी लावली. धूर सरळ वर गेला.

"यांना बोलावलं होतं का?" दर्शनाने भीमाबाईला विचारलं.

"बोलवायचं काय त्यात? परवा नामाचा राब होता, तवा हे गेलेले. सावड ती. आज तू माझ्याकडं, उद्या मी तुझ्याकडं."

"पण काकांचे गुडघे तर असे. ते जाऊन काय करणार?"

"काय करणार? बांधावर बसले नि 'ठिणगी गेली, ठिणगी गेली' म्हणून ओरडले. पण गेले ना!" भीमाबाईने पदराने डोळ्यातला धूर पुसला. "त्या तिकडं एक घर दिसतं का? तिथला माणूस लय चांगला. कुणाला तोशीस नको म्हणून सगळं एकट्यानं करतो. आपण मदतीला गेलो तर म्हणतो, राहू द्या, मी करतो. झालं, जायचं बंद झालं लोकांचं. मागच्या साली त्याचा राब भडकून गवताच्या गंजीला लागला. लोकं बांधावर येऊन उभी. जावं की नको? त्याला आवडेल की नाय? हा विचार करेस्तोवर अर्धी गंजी गेली."

दर्शनाच्या हातातली डहाळी तशीच राहिली. गेल्या तीन महिन्यांत 'राहू द्या' हे शब्द आपण कितीदा म्हटले, हे तिने मोजलेलं नव्हतं.

"अगो, ठिणगी!" काका ओरडले, आणि ती धावली.

सोमवारी ती शेडमध्ये आली ती एक बेत ठरवूनच. जयरामकाका विचारायचे ना, मग आपणही विचारू. तिने क्रेटमधून एक भेंडी उचलली आणि ती लहानीपाशी गेली. "लहानीबाई, हिच्यात अळी आहे का हो?"

लहानीने भेंडीकडे पाहिलं, मग दर्शनाकडे पाहिलं. "मॅडम, हिचं भोक रस्त्यावरनं दिसतंय."

सगळ्या हसल्या. दर्शनाही हसली. पण हौसा हसली नाही. "परीक्षा घेत असतील," ती म्हणाली. "कोण चुकीचं सांगतंय ते बघतील, नि लिवतील."

हसू एकदम थांबलं. सोळा डोकी खाली गेली.

दर्शनाला ते लागलं, पण हौसाचं काही चुकलं नव्हतं. जे आपल्याला दिसत होतं ते विचारायचं नाटक तिने केलं होतं, आणि नाटक कुणालाही कळतं. तिने भिंतीवरचा नियम काढला, चिठ्ठ्यांचा गठ्ठा उचलून टोपलीत टाकला आणि सांगितलं, "हे आजपासून बंद." कुणी मान वर केली नाही.

त्या दिवशी काम आटोपल्यावर ती दहा भेंड्या घेऊन बसली. बायका खरंच नुसत्या हाताने ओळखतात? की सवयीने बोलतात? आणि आपल्याला ते येतं का? हे तिने कधी करून पाहिलंच नव्हतं. ज्या भेंड्या तिने भिंगाखाली धरून 'ठीक' म्हणून बाजूला ठेवल्या होत्या, त्यांतल्याच या दहा. तिने डोळे मिटले, एकेक चाचपली. तिला दहाही सारख्याच लागल्या. मग तिने सुरीने त्या उभ्या चिरल्या. तीन भेंड्यांमध्ये अळी होती. शिरल्याची खूण देठाच्या टोपीखाली, भिंगाला दिसणारच नाही अशी.

तिने त्या तीन भेंड्या कागदात गुंडाळून ठेवल्या. भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर गंमतही वाटली. तीन महिने आपण जे काम एकटीने, इतक्या काळजीने करत होतो, ते आपल्याला येतच नव्हतं.

मंगळवारी सकाळी तिने एक स्टूल ओढलं आणि ती हौसा व हिरी यांच्या मधोमध बसली. चिरलेल्या तीन भेंड्या टेबलावर ठेवल्या.

"या काल मी पास केल्या," ती म्हणाली. "भिंगाने बघून. मला हाताने ओळखता येत नाही. मला शिकवा."

"खरंच की परीक्षा?" हौसाने विचारलं.

"बघा ना तुम्हीच."

भेंड्या हातोहात फिरल्या. लहानीने एक उचलून नाकापाशी धरली. "ही? ही पास केलीत तुमी? अगो बाय माझे!"

"शाळेत हे शिकवत नाय वाटतं," कुणीतरी म्हणालं.

"नाही शिकवत," दर्शना म्हणाली, आणि आता मात्र सगळ्या मनापासून हसल्या.

लहानीने तिचा हात आपल्या हातात घेतला, अंगठा देठापाशी नेला. "दाबायची नाय. उंदराचं पिल्लू धरल्यासारखी धरायची. आता टोकाकडं सरकवायची. हां, हळू. कुठं पोकळ लागतं का?"

"नाही."

"मला लागलं. पुन्हा बघ."

'बघा'चं 'बघ' झालं, हे लहानीच्या ध्यानात आलं नाही. दर्शनाच्या आलं. तिने पुन्हा अंगठा फिरवला. चौथ्या खेपेला कुठेतरी, अगदी पुसट, सालीखाली काही नसल्यासारखं वाटलं. मोडून पाहिली, तर आत अळी. तिला एवढा आनंद झाला की तिने ती अळी सगळ्यांना नेऊन दाखवली.

"रोज हजार बघतो आमी," हिरी हळूच म्हणाली. हिरी फार बोलत नसे.

पुढचे दोन दिवस दर्शना शेडमधला थट्टेचा विषय झाली. ती हळू होती, चुकत होती. आपलं खोकं संपलं, की हौसाचा हात आपसूक दर्शनाच्या क्रेटमध्ये येई. "ही काय भरलीस बाय? ही सोडलीस? नि ही?" एकदा दर्शनाचा क्रेट उलटापालटा करून झाल्यावर तोच हात पुढे हिरीच्या क्रेटमध्ये गेला. सांगून गेला नाही. हात आधीच बाहेर होता, तो पुढे गेला. थोड्या वेळाने हिरीने पलीकडच्या क्रेटमधली एक भेंडी उचलली आणि शेजारणीपुढे ठेवली.

सगळंच काही चुटकीसरशी सुधारलं नाही. हौसा आणि मनस्वी गुरुवारपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत. आणखी दोघी जणी तर शेवटपर्यंत आपापल्या क्रेटपुरतं बघत राहिल्या. गुरुवारी गाडी भरून गेल्यावर दर्शना दुसऱ्या दिवशीचे क्रेट धुवायला काढत होती, तेव्हा लहानी दाराशी थांबली. "मी लागू का?"

दर्शनाचं तोंड 'राहू द्या' म्हणायला उघडलंच होतं. "लागा," ती म्हणाली. "पण तुमची घरी जायची जीप?"

"जाऊं दे. तुझ्या गाडीवर बसीन की."

आणि ती खरंच बसली, दोन्ही हातांनी दर्शनाला कवटाळून, प्रत्येक वळणाला "हळू गो, म्हातारीला पाडशील" म्हणत. तिच्या पाड्यावर पोचेपर्यंत कुठल्या शेतकऱ्याची भेंडी किडकी येते, कोण जून भेंडी तळाला दडवतो, सगळं तिने दर्शनाला सांगून टाकलं. तीन महिन्यांत एवढी माहिती तिला कुणी दिली नव्हती.

शनिवार आला. कंपनीचा माणूस ओमकार नावाचा, तिशीचा, पांढरा कोट घातलेला, बोलायला मोजका. नरेंद्र सर त्याच्यासोबत होते. ओमकारने थप्प्यांमधून स्वतःच्या मनाने दहा खोकी काढली. एकेक उघडली, भेंड्या पसरल्या, उजेडात धरल्या, काही चिरल्या. पहिलं साफ. पाचवं साफ. नववं साफ. दहाव्याला त्याने जरा जास्तच वेळ घेतला, मग त्याने सुरी पुसली आणि कागदावर सही केली.

"ठीक आहे," तो म्हणाला. नरेंद्र सरांनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

"साहेब..."

हिरी उभी राहिली होती. तिचा चेहरा उतरलेला होता.

"त्या थप्पीत खालनं दुसरा खोका माझा हाय. त्यात एक भेंडी सकाळी मला हलकी लागली होती. मी म्हटलं, असूं दे. पण आता मला काय ती बरी वाटत नाय."

नरेंद्र सरांनी दर्शनाकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ सरळ होता: हिला गप्प बसव. सही झालेली होती. हौसा हिरीकडे डोळे फाडून पाहत होती. जे हिरी बोलत होती त्याने सगळ्यांत आधी त्या दोघींचीच भट्टी पुन्हा सुरू होणार होती.

दर्शना थप्पीपाशी गेली. वरची खोकी उतरवायला लागली, तशी लहानी आणि मनस्वी पुढे आल्या. खालून दुसरं खोकं निघालं.

"कुठली गो?" दर्शनाने विचारलं.

हिरीने तिसऱ्या ओळीतली एक उचलली. हौसाने ती तिच्या हातातून घेतली, अंगठा फिरवला. "नाय. काय नाय हिच्यात." मनस्वीने हौसाच्या हातातून घेतली. "हाय मावशे. देठापाशी बघ."

"नाय म्हणते ना!"

"हाय!"

"मोडा," दर्शना म्हणाली.

मनस्वीने मोडली. आत दोऱ्याएवढी बारीक अळी वळवळत होती.

ओमकार वाकून पाहत राहिला. मग त्याने हिरीला विचारलं, "मी तर निघालो होतो. तुम्ही का सांगितलंत?"

हिरीला प्रश्न नीट कळला नसावा. "तुमी निघालात," ती म्हणाली, "पण खोका पण जाणार होता ना."

ओमकारने कागद पुन्हा बाहेर काढला. पण त्याने काही खोडलं नाही. "मी थोडा वेळ बसतो," तो म्हणाला. "तुमचं काम चालू द्या."

तो दीड तास बसला. सुरुवातीला बायका अवघडल्या, मग विसरल्या. हात क्रेटमधून क्रेटमध्ये जात होते, भेंड्या शेजारणींपुढे पडत होत्या, हुज्जती होत होत्या. निघताना तो नरेंद्र सरांना म्हणाला, "मी दहा उघडली, दहा साफ निघाली. अकरावं तुमच्याच माणसांनी थांबवलं. वाशीला उजेड चांगला आहे, टेबलं चांगली आहेत, पण तिथे मला असं कुणी कधी थांबवलेलं नाही. भरणी इथेच राहू द्या, असं मी लिहितो."

गाडी धुरळा उडवत गेली. कुणीतरी हिरीच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला. ती हौसा होती. "मारलंच होतंस आमाला!" म्हणत ती रडत होती आणि हसतही होती.

नरेंद्र सर दर्शनाला बाजूला घेऊन गेले. ते खुशीत होते. "आपण याची पद्धतच करून टाकू. भिंतीवर लावू: शंका आली तर सांगा. आणि जी सांगेल तिला दर महिन्याला सगळ्यांसमोर बक्षीस."

"सर, नको," दर्शना म्हणाली.

"का? चांगलं काम केलं तर शाबासकी नको द्यायला?"

"शाबासकी द्या. आत्ता जाऊन हिरीला द्या. पण भिंतीवर काही लावू नका. मी लावून बघितलंय."

"मग मी काय करायचं? मालक आहे मी. काहीतरी तर करायला हवं."

दर्शनाने जरा विचार केला. "सर, तुम्हाला हाताने अळी कळते?"

वीस वर्षं भेंडीचा धंदा केलेल्या माणसाला असा प्रश्न बहुधा कुणी विचारला नव्हता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सोळा जणी कान देऊन ऐकत होत्या, आणि आपण ऐकत नाही असं दाखवतही नव्हत्या.

"नाही," नरेंद्र सर म्हणाले.

"अगो बाय, ह्यांनापण नाय!" लहानी म्हणाली. हिरीने सरकून जागा केली. मनस्वीने मोज्यांची जोडी पुढे केली. सरांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि ते बसले, गुडघे टेबलाखाली मावेनात तरी बसले. त्यांनी पहिली भेंडी उचलली आणि अंगठ्याने जोरात दाबली. ती कटकन मोडली.

"हळू!" हौसाने त्यांच्या हातातली मोडकी भेंडी काढून घेतली आणि दुसरी ठेवली. "परदेशात जायचीय ती, आमटीत नाय."